पिवळे काळे दिसते

चित्रपट ही अमर कला आहे. माणसे जातात, सिंहासने जातात, पण पडद्यावर एकदा उमटलेली छाया काळालाही पुसता येत नाही.

हे वाक्य माझे आहे. आमच्या कंपनीचे दिग्दर्शक रावसाहेब यांच्या एका भाषणासाठी मी ते लिहून दिले होते आणि पुढे सहा-सात समारंभांत त्यांच्या तोंडून ऐकलेही. दर वेळी 'काळालाही' या शब्दापाशी ते भावनावेगाने चष्मा काढत. चष्म्याशिवाय त्यांना पुढचे दिसत नसे. त्यामुळे काळाला नेमके काय करता येत नाही, हे श्रोत्यांना कधीच कळले नाही.

रावसाहेब ही पदवी त्यांना सरकारने दिली नव्हती. ती कंपनीच्या आचाऱ्याने दिली होती, आणि त्या महिन्यापासून त्याच्या भाजीतल्या मिठाबद्दल तक्रार करणे बंद झाले.

या अंकाच्या संपादकांनी 'चित्रसृष्टीची मी केलेली सेवा' या विषयावर लिहायला सांगितले आहे. मी केलेली सेवा म्हणजे मी मूकपटांच्या पाट्या लिहीत असे. बोलपट येऊन आता इतकी वर्षे झाली की पाट्या म्हणजे काय हे तरुण वाचकांना सांगावे लागेल. मूकपटात नट तोंड हलवायचा. मग त्याचे चित्र तुटायचे आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तो काय म्हणाला ते यायचे. वर मराठी, खाली गुजराती, त्याखाली जागा उरेल तसे उर्दू किंवा इंग्रजी. पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची याचे शास्त्र असे की, मी ती मोठ्याने दोनदा वाचत असे. एकदा ज्याला वाचता येते त्याच्यासाठी आणि एकदा त्याच्या शेजाऱ्यासाठी, कारण गावोगाव खेळ तंबूत होत आणि तिथे वाचता येणारा माणूस पुढच्या तीन रांगांना ओरडून वाचून दाखवी. मूकपट मुका होता असे जे म्हणतात त्यांनी तो तंबूत पाहिलेला नाही.

नट खरोखर काय बोलतो याच्याशी पाटीचा संबंध नसे. रावसाहेबांचा दंडकच होता, "काहीही बोला, ऐकतोय कोण?" एका चित्रपटात राणी मरताना राजाला तीनदा काहीतरी सांगते. मी पाटी लिहिली होती, 'नाथ, जन्मोजन्मी हेच चरण लाभोत.' ती बाई प्रत्यक्षात सांगत होती की तुमचा पाय माझ्या पदरावर आहे, तो काढा. पाटी गाजली. पुण्याच्या एका विद्वानांनी तिच्यातला करुणरस उलगडून दाखवणारा लेख लिहिला.

आता ज्याला पटकथा म्हणतात आणि ज्यासाठी लोक टेबलखुर्ची मागतात, तो प्रकार आमच्याकडे नव्हता. कथा माझ्या रक्तात आहे, असे रावसाहेब म्हणत. रक्तातली गोष्ट बाहेर यायला कोणाला तरी जखम व्हावी लागते, आणि ती शक्यतो दुसऱ्याला व्हावी एवढीच त्यांची खबरदारी असे.

एका जखमेचा मी साक्षीदार आहे. तेवढीच इथे सांगतो.

बोलपट यायच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. कंपनीने लोणावळ्याला एक बंगला भाड्याने घेतला होता. दिवाळीनंतर धुके हटले की आमचे काम सुरू व्हायचे. सगळा कारभार उन्हावर चाले, कारण विजेचे दिवे कंपनीला परवडत नसत. रुपेरी कागद चिकटवलेल्या फळ्या धरून चार माणसे नटाच्या तोंडावर ऊन फेकत आणि नट डोळे मिचकावी. पाटीत मी त्याला अश्रू म्हणत असे.

चित्रपट एका राजाचा होता. राजा कोणता हे शेवटपर्यंत ठरले नव्हते. त्याला फेटा बांधला की तो मराठा होई आणि किरीट घातला की पौराणिक. राजाचे काम गणपत पैलवानाकडे होते. कृष्णाकाठचा हा माणूस तालमीतून थेट सिंहासनावर आलेला. अभिनय त्याला येत नव्हता आणि आपल्याला तो येत नाही हे त्याला ठाऊक होते. या दुसऱ्या गुणामुळे तो कंपनीत एकटा पडे.

शत्रू एका म्हाताऱ्याचे घर जाळतो, मग राजा येऊन त्याला ते पुन्हा बांधून देण्याचे वचन देतो, असा प्रसंग होता. त्यासाठी रावसाहेबांनी जवळच्या कुरवंडे गावातले भिवाआबा यांचा गोठा पसंत केला. मागे नागफणीचा सुळका आणि पुढे गवताने शाकारलेला, कारवीच्या कुडाचा गोठा. ही मांडणी निसर्गाने आपल्यासाठीच करून ठेवली आहे, असे रावसाहेबांचे मत पडले. भिवाआबांचा समज, ती आपल्या बापाने केली आहे, असा होता.

रावसाहेब कुरवंड्याच्या माणसांशी मराठीतच बोलत, पण दुभाष्या म्हणून मला शेजारी उभे करत. गोठा जाळू द्या, पैसे देतो, असा निरोप मी पोचवला. भिवाआबा साठीचे, भातशेती करणारे, दोन बैल आणि एका म्हशीचे धनी. त्यांनी रावसाहेबांकडे पाहिलेच नाही. मला म्हणाले, "मास्तर, रुपायाला मेढ फुटत न्हाई. रानातलं लाकूड आता आमचं ऱ्हायलं न्हाई, काटकी उचलली तरी गार्ड धरतो. गोठ्याचं हे खांब, ह्या मेढी, माज्या बापानं रोवल्यात. आन् मिरगाच्या आत गोठा हुबा न्हाई झाला तर जनावरं कुटं बांधू? हितला पाऊस तुमी बघितला न्हाई. उघड्यावर ढोर आठ दिस काढत न्हाई."

मी भाषांतर केले, "तो नाही म्हणतो."

दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी रावसाहेबांच्या रक्तातून कथा बाहेर आली. चित्रपटात नंतरचे आधी आणि आधीचे नंतर घेता येते, हे बाहेरच्यांना नवल वाटते. आमच्याकडे एकदा बारसे आधी आणि लग्न नंतर घेतले होते. तेव्हा गोठा जळण्याआधीच राजाने वचन द्यायचे, असे ठरले. म्हातारा म्हणून खुद्द भिवाआबांनाच उभे करायचे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर, रावसाहेबांच्या शब्दांत, 'युगायुगांची वेदना' होती. ती वेदना तीन दिवस रावसाहेब दारात येऊन बसल्याची असावी, हे मी बोललो नाही. नुसते उभे राहायला आबांची हरकत नव्हती. उभे राहिल्याने काही जळत नाही.

वचन साधे असून चालणार नव्हते. राजाने बेलभंडार उचलायचा होता. बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे या मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही. सामानाच्या पेटीतून वाटी आली. तिच्यात भंडाऱ्याऐवजी गव्हाचे पीठ होते.

आबांनी वाटीत बोट घातले आणि विचारले, हे काय? तेव्हा आमच्या कॅमेरावाल्याने त्यांना आपले शास्त्र समजावले. त्या काळची फिल्म रंगांच्या बाबतीत आंधळी होती. निळे पांढरे दिसे, तांबडे काळे दिसे. "आणि पिवळं काळं दिसतं," तो म्हणाला. "हळद घेतली तर राजाच्या हातात कोळसा आहे असं वाटेल. पीठ पांढरं दिसतं. कोणाला कळत नाही."

आबांनी हे नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "पिठावर आन कसली घ्यायची? पिठाची भाकर करत्यात."

ते घरात गेले आणि देव्हाऱ्यातली जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी घेऊन आले. पीठ त्यांनी सुनेच्या स्वाधीन केले, वाटी पुसली आणि पुडी तिच्यात रिकामी केली. कॅमेरावाला कुरकुरला. रावसाहेबांनी आकाशाकडे पाहिले. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "ऊन जातंय. पैलवान, उचला."

पैलवानाने वाटीकडे पाहिले. "खरा हाय?" त्याने विचारले.

"जेजुरीचा," आबा म्हणाले.

"अहो, बोला काहीही," रावसाहेब ओरडले. "ऐकतोय कोण?"

कॅमेरावाल्याने दांडा फिरवायला सुरुवात केली. त्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे, सेकंदाला दोन फेरे, आणि वेग चुकू नये म्हणून आमचा कॅमेरावाला दात ओठ खात मनातल्या मनात आरती म्हणे. पैलवानाने बेलभंडार उचलला.  मग अगदी हळू म्हणाला, "आबा, मिरगाच्या आत तुमचा गोठा जसा व्हता तसा हुबा करून देईन." आणि भंडाऱ्याचे बोट कपाळाला लावले.

आबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरे होते, त्यामुळे पडद्यावर फारसे दिसले नाही. रावसाहेबांनी माझा दंड दाबून, नटाकडून काम काढून घेणे कशाला म्हणतात ते बघा, असे मला सांगितले.

कॅमेरा थांबल्यावर आबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता घ्या पेटवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जनावरे बाहेर काढली, दावी सोडून घेतली, खुंटे उपटले, गव्हाणीतली वैरणसुद्धा काडी न् काडी नेली. गोठा पाव तासात जळला. पडद्यावर तो एक मिनिटभर टिकला. मेढी मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत होत्या आणि आबा त्यांच्याजवळ बसून होते. ते दृश्य घ्यावे असे कॅमेरावाल्याला वाटले होते, पण ऊन गेले होते.

नंतर माघ गेला, फाल्गुन गेला. आबा दोनदा लोणावळ्याला बंगल्यावर आले. दोन्ही वेळा रावसाहेब स्नानाला बसले होते. पहिल्या खेपेला त्यांचे स्नान अडीच तास चालले. "होईल, आबा," असे मी दोन्ही वेळा सांगितले. हा संवाद मी लिहिलेल्या सर्व पाट्यांपेक्षा वाईट आहे. पैलवान तेव्हा दुसऱ्या चित्रपटासाठी कोल्हापुराकडे गेला होता. त्याला पत्र टाकणे मला शक्य होते. मी टाकले नाही. पत्रात भाषा कोणती वापरावी याचा मी विचार करत होतो.

वैशाखात चित्रपट लोणावळ्याच्या बाजारात तंबूत लागला. पहिल्या खेळाला प्रमुख पाहुणे म्हणून स्वतः रावसाहेब, त्यांच्या खिशात माझे भाषण, त्यांच्या मागे मी. पुढच्या चित्रपटासाठी परतलेला पैलवान मागच्या बाजूला एका बाकावर बसला होता, कारण पुढच्या खुर्चीत तो मावत नसे. कुरवंडे जवळजवळ सगळे आले होते आणि पडद्यासमोर जमिनीवर बसले होते.

वचनाचा प्रसंग आला. राजाने बेलभंडार उचलला. त्याचे ओठ हलले आणि जमिनीवरची सगळी रांग त्याच्याबरोबर एका सुरात म्हणाली, "मिरगाच्या आत तुमचा गोठा जसा व्हता तसा हुबा करून देईन." त्यांना ते पाठ होते. चार महिने ते दुसरे काही बोलतच नव्हते. मग माझी पाटी आली. टपाल वाटणाऱ्या एका गृहस्थाने ती मोठ्याने वाचली, "वृद्ध तात, तव पर्णकुटीचे मी सुवर्णमंदिर करीन!"

अंधारातून एक बाई म्हणाली, "सोन्याचं नगं बाई, म्हस घसरंल."

तंबू हसला. माझ्या लेखणीला मिळालेली ही पहिली खरी दाद.

तेवढ्यात रीळ संपले. तंबूत एकच यंत्र असे, त्यामुळे दर रिळानंतर दिवा लावून दुसरे रीळ चढवावे लागे. दिवा लागला तेव्हा भिवाआबा उभे होते. ते ओरडले नाहीत. मिरगाला महिना राहिला, एवढेच त्यांनी सांगितले.

रावसाहेबही उठले. हे नाटक असते, नाटकातले वचन ते वचन नव्हे, कला आणि व्यवहार यांत गल्लत नको, असे ते बरेच बोलले. लोक ऐकून घेत होते, पण कोणी बसत नव्हते. तेव्हा त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. मला वाटते, त्यांना तो खराच आठवत असावा, कारण पुडीच्या वेळी ते आकाशाकडे पाहत होते. "आणि तो बेलभंडार तरी खरा कुठे होता?" ते म्हणाले. "पीठ होतं ते. गव्हाचं पीठ."

आबांनी पडद्याकडे बोट केले.

"सायेब," ते म्हणाले, "तुमच्याच मानसानं सांगितलं, पीठ पांढरं दिसतं, पिवळं काळं दिसतं. आत्ता पडद्यावर राजाच्या कपाळाला काळं व्हतं. समद्यांनी बघितलं. पीठ आसतं तर पांढरं दिसाया नगं?"

छायाचित्रणावर मी पुढे इंग्रजी पुस्तके वाचली, तज्ज्ञांची व्याख्याने ऐकली. इतके स्वच्छ विवेचन पुन्हा ऐकले नाही.

सगळा तंबू माझ्याकडे वळला. मी कंपनीचा लिहिणारा माणूस, माझ्या देखत पुडी रिकामी झाली होती. आबा म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा." मला एकच शब्द बोलायचा होता आणि तो 'होय' असा सोपा होता. मी म्हणालो, "ही तांत्रिक बाब आहे. कॅमेरावाल्यांना विचारावं लागेल."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्ये घातली. स्वतःच्या तोंडी घालायची वेळ आली तेव्हा ही घातली.

मागचे बाक करकरले आणि पैलवान उभा राहिला. गोठा अजून झालेला नाही हे त्याला त्या क्षणी कळले होते. त्याने कंपनीवर विश्वास ठेवला होता. सांगितले ना, अभिनय त्याला येत नव्हता. तो म्हणाला, "शबूद राजाचा आसंल, रावसाहेब. त्वांड माजं व्हतं."

दुसऱ्या दिवशी पैलवान मुकुट घालायला आला नाही. बंगल्याच्या आवारात पुढच्या चित्रपटाचा नवा राजवाडा उभा होता आणि राजा कुरवंड्याला आबांच्या ओट्यावर बसून नाचणीची भाकर खात होता. रावसाहेबांनी करार दाखवला. पैलवान म्हणाला, ते वाचायला माझ्याकडे मास्तर नाही. रावसाहेबांनी मग मुकुट दुसऱ्या एका नटाला घालून पाहिला. तो नाकापर्यंत उतरला. पाठमोरा राजा घेऊन दीड दिवस काम झाले, पण पाठमोऱ्या राजाला राणीकडे पाहता येईना. तिसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला बोलावले आणि घोषणा केली की, कलावंताच्या औदार्याला अनुसरून आपण तो राजवाडा एका गरीब शेतकऱ्याला दान करत आहोत. याची एक पाटी लिहा. मी लिहिली. ती कोणी वाचली नाही.

राजवाड्याची पुढची बाजू रंगवलेल्या कापडाची होती. पण तिला मागून धरून ठेवणारे वासे आणि खांब खऱ्या लाकडाचे होते, कारण लोणावळ्याच्या वाऱ्याला कथानक कळत नाही. कुरवंड्याच्या माणसांनी चार बैलगाड्या आणल्या आणि पैलवानाच्या देखरेखीखाली राजवाडा सकाळपासून दुपारपर्यंत उतरवला. रावसाहेबांनी तेही कॅमेऱ्यात घेतले आणि पुढच्या चित्रपटात 'राजधानीचा विध्वंस' म्हणून वापरले. बैलगाड्या त्यात स्पष्ट दिसतात. विध्वंस करणारे लोक खिळे काढून खिशात घालताना दिसतात.

मिरगाच्या आठ दिवस आधी गोठा उभा राहिला. मेढी पैलवानाने स्वतः रोवल्या. मी गवताचे चार भारे उचलून दिले. माझा वाटा म्हणून सांगावा एवढा तो नाही, पण सेवेबद्दल विचारले आहे म्हणून नोंदवतो. त्या पावसात जनावरे तगली. आबांनी पुढे कधी विषय काढला नाही. भेटले की चहा देत आणि 'मास्तर' म्हणत, पण मला काही विचारायचे त्यांनी सोडून दिले होते.

तो चित्रपट आता नाही. प्रती गावोगाव फिरून तुटल्या, आणि मूळ फिल्म कंपनी बुडाली तेव्हा रद्दीबरोबर एका बांगडीवाल्याने घेतली. जुन्या फिल्मवरचे चित्र धुऊन काढले की खाली स्वच्छ पारदर्शक पट्टी उरते. तिच्या बांगड्या चांगल्या होतात, असे त्याने मला सांगितले.

राजवाड्याचे दार मात्र शिल्लक आहे. ते फळ्यांचे होते, कारण पैलवानाला ते ढकलून आत यायचे असे. त्यावर दोन हत्ती रंगवलेले आहेत. हे दार कुरवंड्याच्या त्या गोठ्याला बसवले आहे. परवा गेलो होतो तेव्हा पाहिले, हत्ती अजून ताजे आहेत. पावसाने रंग जाऊ नये म्हणून आबांनी ती बाजू आतल्या अंगाला घेतली होती. बाहेरून नुसत्या फळ्या दिसतात. हत्ती म्हशीला दिसतात.